वायरवाले भाऊ

असोदा महाराष्ट्राला बहिणाबाईंचं माहेर म्हणून ठाऊक, जळगावकरांना भरिताच्या वांग्यांमुळे ठाऊक. गावात ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे, त्याला मात्र वायरवाले भाऊ ठाऊक असावे लागतात. असे भाऊ गावोगावी असतात. आमचे नेमके जेवणाच्या वेळेला येतात, एवढंच.

तक्रार ठरलेली. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की नेट नाही. मोबाईलवर वायफाय व्यवस्थित, वायरीचंच तेवढं बंद. भाऊ आधी कॉम्प्युटरकडे बघतच नाहीत, घरच्यांकडे बघतात. "झाडू कोन्ही मारला भो अठी?" मग टेबलाखाली शिरून पिन काढतात, तिच्यावर फुंकर मारतात, परत बसवतात. पिनचा खटका तुटला असेल तर शेजारी काडेपेटीची काडी खुपसतात. हिरवा दिवा लुकलुकला की, "लाईन जित्ती हाये!"

नेट तरीही नसतंच. मग काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करून ते आकडा वाचतात, १६९.२५४... "याले पत्ताच भेटला नई." हे निदान मात्र अचूक. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच या आकड्यांचा पत्ता लावून बसतं. लाईट जाऊन आली की हटकून असं होतं. कॉम्प्युटर तयार, राउटर अजून डोळे चोळतोय.

शेवटी भाऊ रिस्टार्ट करतात आणि नेट येतं. "पण रात्री आम्ही बंदच केला होता की!" "तुमचं बंद अल्लग, माह्यं बंद अल्लग."

हसू नका, ते खरंच अल्लग आहे. २०१२च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शट डाउन केलं तरी यंत्रणेचा गाभा ड्रायव्हरांसकट डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. एखादं नेटवर्क कार्ड त्यात उठतच नाही. रिस्टार्टला सगळं पहिल्यापासून. भाऊंना यातलं काही ठाऊक नाही. ते श्रेय फुंकरीला देतात.

पैसे घेत नाहीत. हिवाळ्यात पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी, बस्स.

इलाज कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये आहे: 'फास्ट स्टार्टअप'ची टिक काढायची. बहुतेकदा भागतं. पण काढायचीच तर भरिताचा मोसम सरल्यावर काढा. तोवर भाऊंना यायला काहीतरी निमित्त असू द्या.