अंगावरील उडी : एक मीमांसा

पूर्ण वाढलेल्या लॅब्रॅडॉर नराचे वजन साधारणपणे २९ ते ३६ किलो भरते, आणि तेवढे वजन मागच्या दोन पायांवर तोलून तो उभा राहिला की त्याचे पुढचे पंजे मध्यम उंचीच्या माणसाच्या छातीवर, म्हणजे सदऱ्याच्या खिशात पेन आणि वाचण्याचा चष्मा असतो नेमके तेथे, येऊन टेकतात. ही जात मूळची न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावरची असून कोळ्यांची जाळी ओढणे आणि पुढे ब्रिटनमध्ये पडलेली शिकार उचलून आणणे ही तिची वडिलोपार्जित कामे होत. तेथील केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, तिला १९०३ मध्ये मान्यता दिली. पनवेलच्या सदनिकेत तिला ओढण्यास जाळे नाही व आणण्यास शिकार नाही, त्यामुळे शिल्लक राहिलेली सर्व कार्यशक्ती ती पाहुण्यांवर खर्च करते, आणि जून ते सप्टेंबर या काळात तिला वडाळे तलावाकाठच्या चिखलाचीही जोड मिळते. जुन्या पनवेलच्या वाड्यांत दिंडी दरवाजा, अंगण आणि ओटी ओलांडेपर्यंत पाहुण्याला सावध होण्यास अवधी मिळत असे; सिडकोच्या वसाहतींतील दार मात्र थेट बैठकीच्या खोलीत उघडते, आणि पाहुणा व कुत्रा यांच्यामध्ये पायपुसण्याएवढेच अंतर उरते.

उडीचे कारण अभ्यासकांनी शोधलेले आहे, परंतु ते मालकांना रुचण्यासारखे नाही. शिकारीहून परतलेल्या मोठ्या लांडग्यांचे तोंड पिल्ले चाटू लागली की मोठे लांडगे पोटातील अर्धवट पचलेले अन्न त्यांच्यासाठी ओकून काढतात, आणि माणसाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचण्याच्या कुत्र्याच्या धडपडीत याच जुन्या सवयीचा अंश असल्याचे मानले जाते. ज्या स्वागताने मालकाचा ऊर भरून येतो, त्याचे मूळ असे ‘काही ओकता का?’ या पृच्छेत आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पुढे ‘परिणामाचा नियम’ आकारास आला, ज्याचा आशय असा की सुखद परिणाम देणारे वर्तन पुन्हा पुन्हा घडते. हे गाजलेले प्रयोग मांजरांवरचे होते, ही गोष्ट श्वानप्रेमी मंडळी सहसा चारचौघांत काढत नाहीत. बी. एफ. स्किनर याने याच विचाराचा विस्तार करून ‘प्रबलन’, म्हणजे वर्तनाला बळ देणारा परिणाम, ही संकल्पना रुजवली. कुत्र्याच्या बाबतीत हे बळ बिस्किटानेच मिळते असे नाही. ‘अरे, अरे, खाली हो’ हा आरडाओरडा, दोन्ही हातांनी ढकलणे, फार काय रागाने पाहणे हेसुद्धा त्याच्या लेखी लक्ष मिळाल्याची पावती ठरते. म्हणून आजचे प्रशिक्षक सांगतात की उडी येताच पाठ फिरवावी, अवाक्षर काढू नये, चारही पाय जमिनीला लागल्याक्षणी खाऊ द्यावा, आणि पाहुणा दिसताच बसण्याची सवय लावावी, कारण बसणे आणि उडी मारणे या दोन क्रिया एकाच वेळी करणे लॅब्रॅडॉरलाही जमत नाही. प्रस्तुत लेखकाने ही सर्व परदेशी नावे योग्य त्या उच्चारांसह घरी आलेल्या पाहुण्यांना ऐकवलेली आहेत. ती ऐकताना पाहुण्यांची पाठ भिंतीला आणि छाती पंज्यांना टेकलेली होती, त्यामुळे त्यांच्यावर अपेक्षित छाप पडली नाही.

या पद्धतीत दोन अडचणी आहेत. पहिली अशी की लक्ष मिळेनासे झाल्यावर वर्तन विझण्यापूर्वी एकदा भडकते, म्हणजे उड्या काही काळ अधिक उंच होतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर घरातील माणसांचा धीर सुटतो. दुसरी अडचण ‘आंशिक प्रबलन’ या नावाने ओळखली जाते : नेहमी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणारे बक्षीस सवय अधिक चिवट करते, आणि लॉटरीचे तिकीट घेणारा मनुष्य याच नियमाने घेत राहतो. रविवारच्या बर्म्युडावर उडी चालते परंतु लग्नाला निघालेल्या पैठणीवर चालत नाही, आजोबांनी ग्लुकोज बिस्किट गुपचूप द्यायचे आणि सूनबाईंनी दटावायचे, अशा कुटुंबात कुत्रा काहीच शिकत नाही असे नव्हे. प्रयत्न सोडू नये हे तो उत्तम शिकतो.

वास्तविक आदर्श शोधण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची आवश्यकता नव्हती, कारण तो मराठी घराच्या भिंतीवरच टांगलेला आहे. दत्तात्रेयाच्या तसबिरीत मागे गाय आणि पायांशी चार कुत्री असतात, जी चार वेदांची प्रतीके मानली जातात. प्रशिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब ही की प्रत्यक्ष त्रैमूर्ती समोर उभी असताना चौघांपैकी एकही तिच्या अंगावर चढलेले नसते. सोळा पाय, सर्व जमिनीवर. खंडोबाच्या चित्रांतील कुत्रे तुलनेने आक्रमक असून ते घोड्याबरोबर धावते व दैत्याचा लचका तोडते, पण तेही दैत्य निवडून झेप घेते, जेजुरीला आलेल्या भाविकावर नव्हे. संत नामदेवांच्या कथेपाशी मात्र शास्त्र आणि परंपरा यांची फारकत होते. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, असे कथा सांगते. भूतमात्रांत विठ्ठल पाहण्याचा तो कळस होय हे निर्विवाद. परंतु स्किनरच्या चष्म्यातून पाहता चोरीसारख्या वर्तनाला घरच्या तुपाने प्रबलन मिळाले, आणि त्या कुत्र्याने पुढे पंढरपुरातील किती स्वयंपाकघरांची झडती घेतली असेल याविषयी कथा मौन बाळगते. पनवेलमधील बहुतेक श्वानमालक दत्तसंप्रदायाचा शिष्य हवा म्हणून कुत्रे आणतात आणि स्वतः वाटी घेऊन धावतात.

याचे कारण निव्वळ अज्ञान नसून अहंकार हे आहे. सकाळी हार्बर मार्गाच्या लोकलने मुंबईकडे गेलेला मनुष्य रात्री पनवेल स्थानकावर उतरतो, तेव्हा त्याच्या जाण्यायेण्याने कार्यालयात कोणाची मान वर झालेली नसते, आणि घरातही मोबाइलवरची नजर न काढता ‘आलात?’ एवढीच चौकशी होते. अशा माणसाच्या आगमनाने कोणीतरी संपूर्ण देहानिशी आनंदित होते, ही त्याची दिवसातील एकमेव सार्वजनिक प्रतिष्ठा होय. त्यामुळे उडी बंद व्हावी असे त्याला मनापासून वाटतच नाही. ती इतरांपुरती थांबावी आणि स्वतःसाठी राखीव राहावी एवढेच त्याला हवे असते. लॅब्रॅडॉरचे आयुष्य सुमारे १० ते १२ वर्षांचे असते. उतारवयात त्याचे सांधे धरतात आणि उडी आपोआप थांबते. तेव्हा प्रशिक्षण यशस्वी झाले म्हणून त्या घरात कोणी पेढे वाटल्याचे दिसत नाही.

तरीही ‘काही करत नाही हो तो!’ हे वाक्य अक्षम्य आहे. ते म्हटले जाते तेव्हा कुत्र्याने जे करायचे ते करून झालेले असते. ओळखीचा पाहुणा निदान नापसंती दाखवू शकतो. पार्सल देणारा मुलगा, धुणेभांडी करणाऱ्या मावशी, बिल घेऊन आलेला गॅसवाला यांना पोटासाठी हसावे लागते, आणि त्यांच्या हसण्यालाच मालक संमती समजतो. वृद्ध माणूस पडून त्याच्या खुब्याचे हाड मोडले तर ते प्रेमाने मोडले म्हणून लवकर जुळत नाही. गृहनिर्माण संस्थेला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाचे २०१५ चे मार्गदर्शन प्रत्येक मालकाला तोंडपाठ असते; आपल्या प्राण्यापासून गंभीर दुखापतीचा संभव असताना पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे मात्र बहुधा कोणाच्याच कानावर आलेले नसते.

सबब, पनवेलला कोणाकडे जाणाऱ्या वाचकांना विनंती अशी की दार उघडताच हात छातीशी घ्यावेत, शांतपणे पाठ फिरवावी, आणि मालक ‘काही करत नाही’ असे म्हणू लागल्यास त्याच्याकडेही तो खाली बसेपर्यंत मुळीच लक्ष देऊ नये.