मागून तिसरा, निळा शर्ट

मीरा रोडमध्ये राहायचं आणि सिनेमाला नावंही ठेवायची, हे दोन्ही एकदम जमत नाही. पार्ल्याला किंवा ठाण्याला माणूस थिएटरातून बाहेर पडता पडता "काय भंगार होता!" असं खुशाल मोठ्याने म्हणू शकतो. फार तर चार माना हलतात. आमच्याकडे तेच वाक्य लिफ्टमध्ये उच्चारलं की मागे उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा पडतो. तो त्याच सिनेमाचा चौथा सहायक दिग्दर्शक असतो. त्याच्या बाजूला भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी नायिकेच्या मैत्रिणीचं डबिंग केलेलं असतं. आणि लिफ्ट नेमकी सातव्या मजल्यावर जायची असते.

याला कारण भूगोल. गोरेगावची चित्रनगरी 1977 पासून उभी आहे, पण तिथे राबणाऱ्यांना गोरेगावात घर परवडावं अशी काही सोय तिच्यात केलेली नाही. अंधेरी-ओशिवऱ्याची भाडी ऐकून माणसं बोरिवलीला सरकली, बोरिवलीची ऐकून दहिसरचा नाका ओलांडून आली. पुढे काशिमीरा, नायगाव या बाजूला मालिकांचे सेट उभे राहिले आणि सगळ्यांना आपण दूर राहतो याचं दुःख करायचंही कारण उरलं नाही. आता आमच्या भागात कोणत्याही बिल्डिंगच्या कोणत्याही विंगमध्ये एक तरी माणूस 'लाइन'मधला असतो. कोणी लाइटमन, कोणी ड्रेसदादा, कोणी तीन वर्षं 'फायनल राउंडला आहे'.

आमच्या वाट्याला आलेत ते तिसऱ्या मजल्यावरचे काका. एका खाजगी कंपनीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आणि दुपारी झोप लागेना म्हणून ज्युनिअर आर्टिस्टचं काम करू लागले. दाराशी त्यांची बॅग कायम भरलेली असते. इस्त्रीचे दोन फॉर्मल शर्ट, एक कुर्ता, एक मळखाऊ स्वेटर, काळे बूट आणि बुटांत कोंबलेले मोजे. रात्री साडेदहाला को-ऑर्डिनेटरचा फोन येतो, 'सकाळी सात, कोर्ट सीन', की बॅगेतून कुर्ता बाहेर आणि टाय आत. आजवर त्यांनी पडद्यावर वकिली केली, बाजारात भाव केला, तीन वेगवेगळ्या मालिकांत वधूपित्याचे दूरचे नातेवाईक म्हणून अक्षता टाकल्या. एका मोठ्या हिंदी सिनेमात ते नायकाच्या मागून चालत जातात. पहिल्याच रविवारी आमची अख्खी विंग तो बघायला गेली. काकांनी आधीच बजावलं होतं, "हिरोकडे बघू नका. मागून तिसरा, निळा शर्ट." आम्ही सगळे मागून तिसऱ्याकडे बघत राहिलो. निळा शर्ट आला, गेला, टाळ्या झाल्या, पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. त्या प्रसंगात नायकाचा बाप मेला होता, हे आम्हाला मध्यंतरात कळलं.

तेव्हापासून काकांबरोबर सिनेमा बघणं हा वेगळाच अनुभव आहे. ते पडद्याच्या मध्यभागी बघतच नाहीत. त्यांची नजर कडेला. नायक-नायिका जीव तोडून भांडत असताना काका कुजबुजतात, "तो छत्रीवाला बघा, दुसऱ्यांदा आला. त्याच बाजूने. कंटिन्युटी झोपली होती काय?" 'छावा' 2025 च्या फेब्रुवारीत लागला तेव्हा थिएटरात लोक रडत होते, घोषणा देत होते. काका बाहेर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "मागच्या रांगेतले मावळेसुद्धा मनापासून ओरडत होते. याला म्हणतात युनिट." जुलैत 'सैयारा'ला आमची पोरं डोळे सुजवून परतली. काकांचं परीक्षण एका ओळीचं होतं, "गर्दी खरी वाटली. पेमेंट वेळेवर दिलं असणार." मालिकेच्या पैशांसाठी 90 दिवस थांबावं लागतं, त्यामुळे त्यांच्या समीक्षेत हा मुद्दा वारंवार येतो. मला तर वर्तमानपत्रातल्या साडेतीन ताऱ्यांपेक्षा तो जास्त पटतो.

आता अशा वातावरणात खरं मत द्यायचं कुठे? म्हणून आमच्याकडे एक सभ्य बोली तयार झाली आहे. सिनेमा अजिबात आवडला नाही तर म्हणायचं, "कॅमेरा छान होता." झोप लागली असेल तर, "वेगळा प्रयत्न आहे." मध्यंतरातच उठून आलो असू तर, "पहिला भाग फार सुंदर." आणि ज्याने तो काढला तोच समोर उभा असेल तर त्याचा हात दोन्ही हातांत धरायचा, मान हलवायची आणि काहीही बोलायचं नाही. भारावलो असं त्याला वाटतं.

मोकळेपणानं बोलायचं ते लोकलमध्ये. मी आणि माझ्या मैत्रिणी मीरा रोडहून आधी उलट्या भाईंदरला जातो, तिथून सुटणारी गाडी पकडतो आणि बसून येतो. बसायला मिळालं की माणसाला मतं सुचतात. 'धुरंधर' 2025 च्या डिसेंबरात आला तेव्हा आमच्यातल्या बँकवालीने तो पहिल्या दिवशी पाहिला. सिनेमा साडेतीन तासांचा, गाडीला चर्चगेटला पोचायला तासाहून थोडं अधिक. पण बाई तयारीची. भाईंदर सोडताना तिने कराची उभी केली. दहिसरला अक्षय खन्नाची एन्ट्री झाली, ती तिने उभं राहून करून दाखवली, त्यात तिची सीट जाता जाता वाचली. बोरिवलीला गर्दी घुसली. तिथे मध्यंतर. ते संपलं कांदिवलीत, एकीचा डबा दुसरीच्या खांद्यावर टेकलेला असताना. शेवट नेहमीप्रमाणे वांद्रे ते दादर.

यात आमची एक मैत्रीण मारली जाते. ती अंधेरीला उतरते. गेली कित्येक वर्षं तिला एकाही सिनेमाचा शेवट माहीत नाही. तिच्या लेखी जगातले सगळे खुनी मोकाट आहेत आणि एकाही प्रेमिकाचं लग्न झालेलं नाही. तरी ऑफिसात सिनेमाच्या बाबतीत तिच्या शब्दाला वजन आहे, कारण ती प्रत्येक सिनेमाबद्दल ठामपणे सांगते, "लेखकाने प्रश्न उभे केले आहेत. उत्तरं द्यायच्या फंदात तो पडलेला नाही."

बरोबर उलटा प्रकार आमच्या पहिल्या मजल्यावरच्या बांचा. भावनगरहून लग्न होऊन आल्या, आधी मालाड, मग मीरा रोड. पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, मराठी झकास बोलतात, चिडल्या की मात्र गुजरातीत शिरतात. त्यांना शेवट आधी कळल्याशिवाय सिनेमाला बसायचंच नसतं. पूर्वी असं नव्हतं. 2016 च्या मे महिन्यात शेजारणींनी त्यांना 'सैराट'ला नेलं. गाण्यांना बा खुर्चीतल्या खुर्चीत डोलत होत्या म्हणे. हैदराबादेत पोरांचा संसार लागला, बाळ झालं, बांनी पर्स उचलली, चला झालं म्हणून. आणि मग ती शेवटची काही मिनिटं. त्या रात्री घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेणाऱ्या शेजारणीला जिन्यात गाठून विचारलं, "तुला माहीत होतं?" तेव्हापासून नियम पक्का: "छेल्ले शुं थाय छे, पहेलां कहो." आधी शेवट सांगा, मग तिकीट काढा.

मराठी सिनेमाचं आमच्याकडचं गणित आणखी निराळं. तो आम्ही निवडत नाही, त्याची वेळ निवडतो. 2025 च्या 12 सप्टेंबरला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी सिनेमे एकाच दिवशी लागले. वर्षभर कोरडं आणि मग एका दिवशी तीन, हे आपल्याकडेच होऊ शकतं. त्यांतला एक आमच्याजवळ सकाळी सव्वाअकराला होता, कामाच्या दिवशी. त्या वेळी थिएटरात कोण असतं? निवृत्त माणसं, कॉलेज बुडवलेली जोडपी आणि एसीसाठी आलेला एखादा. मग आठवड्याने खेळ कमी होतात आणि कारण दिलं जातं की मराठीला प्रेक्षक नाही. प्रेक्षक त्या वेळी दादरला उतरलेला असतो हो!

'दशावतार' मात्र आम्ही रविवारची वेळ धरून बघितला, कारण चौथ्या मजल्यावरच्या कुडाळच्या वहिनींनी तसा आदेशच काढला होता. वहिनींचं लहानपण जत्रेतले दशावतार बघण्यात गेलेलं. रात्री उशिरा सुरू होणार, नट स्वतःच रंग लावणार, लिहिलेला संवाद नाही, समोरच्याने जे फेकलं त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, आणि उजाडेपर्यंत बसायचं. त्यामुळे त्यांच्या मते सिनेमा फारच लवकर आटोपला. "आमच्याकडे एवढ्या वेळात नुसता गणपती येऊन जाता," त्या म्हणाल्या. पण दिलीप प्रभावळकरांवर त्या बेहद्द खूश होत्या आणि त्याच कारणाने दिग्दर्शकावर बेहद्द चिडलेल्या. प्रभावळकरांचं वय तेव्हा 81. "ह्या वयात त्या माणसाक रानात धावडवल्यानी! घरात कोणी बोलूक नाय?" जिन्यातून वर चढेस्तोवर हेच. पाण्यातल्या प्रसंगाची आठवण निघाली तेव्हा त्यांनी टॉवेल कोणी दिला का, अशी काकांकडे चौकशी केली. काकांनी धंद्यातला माणूस म्हणून ग्वाही दिली की स्पॉटदादा टॉवेल घेऊन उभाच असतो, तेव्हा कुठे त्या घरात गेल्या.

त्याच वर्षी 1 मे रोजी 'गुलकंद' आणि 'आता थांबायचं नाय' एकत्र आले होते. दुसरा मुंबई महापालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांचा. मोठ्या वयात रात्रशाळेत जाऊन ते दहावीला बसतात. आमच्या दुसऱ्या मजल्यावर महापालिकेच्या एका वॉर्ड ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. सिनेमा चालू असताना ते रुमाल भिजवून बसले होते. भरत जाधवकडे बघून हुंदका, सिद्धार्थ जाधवकडे बघून हुंदका. मला वाटलं, चला, यांच्याकडून तरी सरळ दाद मिळेल. बाहेर येऊन त्यांनी नाक पुसलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "सगळं खरं आहे. फक्त साहेब इतक्या लवकर सही करत नाही." मग रिक्षाच्या रांगेत त्यांनी फाइल कुठून कुठे जाते, कोणत्या टेबलावर किती दिवस पडते आणि मध्ये साहेबांची बदली झाली तर काय होतं, हे सविस्तर सांगितलं. त्यांच्या पद्धतीने काढला असता तर सिनेमाला तीन भाग लागले असते आणि दहावीचा निकाल तिसऱ्यातही लागला नसता.

असल्या मतांना हसायला मीच पुढे असते, पण जाणकारांचं तरी कुठे फार वेगळं? 15 ऑगस्ट 1975 ला 'शोले' लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या पंडितांनी तो पडला असं ठरवूनसुद्धा टाकलं होतं. मग लोक एकमेकांना सांगत सुटले आणि मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं हलला नाही. त्या वेळी सांगणारे म्हणजे कोण असणार? कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावरचे काका, कुणाच्या तरी वहिनी. तेव्हा रेल्वेच्या डब्यात गब्बर किती वेळा उभा राहिला असेल आणि किती जणी अंधेरीला उतरून गेल्या असतील, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. बांनी तो मालाडहून जाऊन बघितला होता. त्यांचं मत पन्नास वर्षांत बदललेलं नाही. जय जगायला हवा होता.

तर एका गणपतीत सोसायटीने कंपाउंडमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवायचं ठरवलं. कोणता, यासाठी सभा झाली. पाण्याच्या टाकीच्या गळतीसाठी बोलावलेल्या सभेला कोरम भरला नव्हता. या सभेला भाडेकरूसुद्धा आले. पोरांना मारामारी हवी होती, ती सेक्रेटरींनी बाप्पासमोर नको म्हणून कापली. 'दशावतार'चं नाव निघालं तर वहिनी म्हणाल्या, पुन्हा त्या माणसाक धावताना मी बघूचंय नाय. 'जारण' एकाने सुचवला. अमृता सुभाषचं काम अप्रतिम आहे म्हणाला, ते खरंही आहे, पण करणीचा सिनेमा रात्री उघड्यावर दाखवला तर पंप सुरू करायला तळघरात कोण जाणार, असा प्रश्न वॉचमनने विचारला आणि तो रास्त होता. चौथ्या सहायक दिग्दर्शकाने स्वतःची 18 मिनिटांची शॉर्ट फिल्म दाखवू का, असं हळूच विचारलं. सगळ्यांनी त्याच्याकडे भारावून पाहिलं आणि कोणीही काही बोललं नाही.

शेवटी 'अशी ही बनवाबनवी' ठरला. 1988 चा सिनेमा. त्याच्यावर महाराष्ट्रात कुणाचंच मत नाही. लोक तो बघतसुद्धा नाहीत, नटांच्या आधी स्वतःच बोलून मोकळे होतात. खुर्च्या मांडल्या, वडापाव आले, काका कडेची खुर्ची पकडून बसले. तेवढ्यात बा काठी टेकत आल्या. कसा कोण जाणे, हा सिनेमा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"छेल्ले शुं थाय छे?"

"सगळं चांगलं होतं बा," वहिनी म्हणाल्या. "चार मित्र असतात, पुण्यात त्यांना भाड्याने खोली मिळेना. मग दोघं लुगडी नेसतात आणि खोली मिळवतात. शेवटी चौघांच्या चार जोड्या जुळतात."

बांनी खुर्ची पुढे ओढली, बसल्या, गुडघ्यावर शाल घेतली. चार जोड्यांवर त्यांचं समाधान झालेलं दिसत होतं. पण त्यांचा मुलगा तीस वर्षं मीरा रोडमध्ये इस्टेट एजंट आहे. पडद्यावर नावं सुरू झाली तेव्हा त्या वहिनींच्या कानाशी वाकल्या.

"अने डिपॉझिट? ते पाछी मळी?"