जपून म्हणजे किती जपून?

‘ऑपरेशन झालंय’ एवढ्या दोन शब्दांत मराठी घरातल्या माणसाचे सगळे नागरी हक्क गोठतात. कालपर्यंत मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या आणणाऱ्या गृहस्थानं आज स्वतःची उशीसुद्धा सरकवायची नसते. पाणी मागायचं, रिमोट मागायचा आणि पुढ्यात येईल ते निमूट गिळायचं. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झालेली असो की पोट उभं फाडून, आमच्याकडे शिक्षा एकच, सक्तीची विश्रांती.

माझ्या मामांचं हर्नियाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. बेंबीपाशी सेंटीमीटरभराचं एक छिद्र, खाली त्याहून बारीक दोन. संध्याकाळी भूल पुरती उतरल्यावर सिस्टरांनी त्यांना धरून कॉरिडॉरमध्ये चक्कर मारायला लावली. सकाळी डॉक्टर म्हणाले, “घरी जा, चाला-फिरा, सगळं खा.” मामीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि त्यातून एवढाच निष्कर्ष काढला, की डॉक्टर अजून लहान आहेत.

खरी ट्रीटमेंट घरी सुरू झाली. भात बंद, पू होतो. दही बंद, पांढरं आहे. वांगं-बटाटा वातूळ, केळं थंड. मुगाच्या खिचडीतला तांदूळ मात्र भातात धरत नाहीत. का, ते विचारायचं नसतं. वर दिवसभर आडवं पडणं. व्हायचं तेच झालं. मामांचं पोट साफ होईना. आता हर्नियाच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला टाळायचं असतं ते नेमकं कुंथणं. तिथला ताण पेशंटला चांगलाच जाणवतो, आणि वेदनांवरच्या काही गोळ्या मुळातच पोट बांधून ठेवणाऱ्या. यावर उपाय म्हणजे भरपूर पाणी, पालेभाजी, फळं, रात्री इसबगोल आणि गल्लीच्या टोकापर्यंत फेरी. यातलं इसबगोल तेवढं मामीला पटलं, कारण ते तिच्या माहेरीही घेत.

मध्येच खांद्याचं प्रकरण झालं. ऑपरेशन जांघेचं आणि दुखतोय उजवा खांदा! मावशीचा फोन आला, “हार्ट तर नाही ना?” झालेलं असतं ते इतकंच. दुर्बिणीला आत जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यानं छातीखालचा पडदा डिवचला जातो. त्या पडद्याची नस येते मानेतून, खांद्याच्या संवेदनेच्या नसांशेजारून, म्हणून मेंदूचा पत्ता चुकतो. एक-दोन दिवसांत वायू शरीरात विरतो, खांदा शांत होतो. चालल्यानं बरं वाटतं. पण ‘चाला’ हा शब्द घरात उच्चारायचीच चोरी.

सगळ्यांत मोठी धास्ती जाळीची. “शिंकले आणि जाळी सटकली तर?” आत बसवतात ती जाळी साधारण 10 बाय 15 सेंटीमीटरची, पोस्टकार्डाहून थोडीशी मोठी. दुर्बिणीच्या पद्धतीत ती स्नायूंच्या मागून, आतल्या बाजूनं बसते. त्यामुळे ज्या दाबानं आतडं बाहेर डोकावत होतं, तोच दाब आता जाळीला भिंतीवर दाबून धरतो. शिंकताना पोटावर उशी धरायची ती दुखू नये म्हणून. जाळीला त्या उशीची गरज नसते. जाळीचं निघालंच आहे, तर सांगतो. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, महागडी जाळी न परवडणाऱ्या पेशंटांना मच्छरदाणीच्या कापडाचा निर्जंतुक तुकडा बसवला. ती शस्त्रक्रिया उघडी होती, दुर्बिणीची नव्हे. त्यावरचा त्यांचा निबंध 2003 मध्ये छापूनही आला. मामीला हे सांगितलं, तर तिनं घरातल्या मच्छरदाणीकडे संशयानं पाहिलं.

एके काळी डॉक्टरही मामीच्याच पक्षात होते. हर्नियाच्या पेशंटनं आठवडेच्या आठवडे पडून राहायचं, हा शिरस्ता होता. टोरांटोच्या डॉ. शोल्डाइस यांनी तो मोडला. असं सांगतात, की अपेंडिक्स काढलेली एक चिमुरडी काही केल्या पलंगावर टिकेना, आणि तरीही ठणठणीत बरी झाली. डॉक्टरांनी तिच्यावरून धडा घेतला. 1945 मध्ये निघालेल्या त्यांच्या इस्पितळात पेशंट टेबलावरून उतरून चालत जाऊ लागले. पुढे 1990 च्या दशकात कोपनहेगनच्या डॉ. हेन्रिक केलेट यांनी लवकर जेवण, लवकर चालणं आणि वेदनांचा वेळीच बंदोबस्त यांचं शास्त्रच उभं केलं. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर म्हणतात, की गुंतागुंत नसेल तर जांघेच्या हर्नियानंतर सोसेल तेवढी नेहमीची कामं तीन ते पाच दिवसांत सुरू करावीत. मोठा किंवा पुन्हा उद्भवलेला हर्निया असेल, तर अर्थात आपल्या सर्जनचाच शब्द शेवटचा. ‘तीन ते पाच दिवस’ हा आकडा मी मामीपासून लपवून ठेवला. काही सत्यं हप्त्याहप्त्यानं सांगावी लागतात.

तेव्हा अशा पेशंटला भेटायला जाणार असाल, तर एक विनंती. सफरचंदं न्या, हरकत नाही, पण विनोद सांगू नका. हसताना टाके फार दुखतात. त्याला उठवा, चपला घालायला लावा आणि कोपऱ्यापर्यंत घेऊन जा. आणि ताप, थांबलेली लघवी, न थांबणाऱ्या उलट्या किंवा वाढती सूज दिसली, तर फोन सर्जनला करा, मावशीला नंतर.