बर्फातलं सोवळं

तोक्योहून शिनकानसेनने ईयामा आणि तिथून बसने अर्ध्या तासाच्या आत नोझावा ओनसेन. नागानो प्रांतातलं हे गाव स्कीचंही आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचंही. आमच्या खिशाला झेपलं ते 'मिनशुकू', म्हणजे घरच्या माणसांनी चालवलेलं उतरायचं ठिकाण, दोन वेळचं जेवण धरून. मालक स्वयंपाकघरात, मालकीणबाई बाकी सगळीकडे आणि मुलगा छपरावर. छपरावर म्हणजे फावडं घेऊन बर्फ उतरवायला. सैबेरियाचा कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना पोटभर बाष्प पितो आणि डोंगराला अडला की इथेच रितं करतो. आपल्या आंबोलीचा पाऊस याच हिशेबाने पडतो, पण तो वाहून तरी जातो.

दारात बूट काढायचे. इथवर आमची छाती पुढे होती. चपला बाहेर काढणाऱ्यांच्या मुलखातून आलोय म्हटलं. पण ती नुसती बिगारी यत्ता निघाली. बूट काढले की घरातल्या सपाता. तातामीच्या चटया लागल्या की त्याही काढायच्या. संडासाच्या दारात तिसरा जोड, तो संडासाबाहेर आणायचा नाही. वाईची माझी आजी वलणीवरचं सोवळं काठीने उतरवायची. ती इथे पहिल्याच दिवशी रुळली असती.

दुसऱ्या रात्री मी जेवायला उतरलो आणि पंगत गप्प झाली.

"अहो," बायको दातांतल्या दातांत म्हणाली, "पायात काय आहे बघा."

पायात हिरवं प्लास्टिक होतं, वर जपानी अक्षरं. ती वाचता येत नव्हती असा त्या खोलीत मी एकटाच. मालकीणबाईंनी चकार शब्द न काढता दुसरा जोड आणला, माझ्यापुढे नीट जुळवून ठेवला आणि वर वाकून नमस्कार केला. आजीने निदान चार शिव्या घालून विषय संपवला असता.

रात्री खोलीतला रॉकेलचा हीटर बंद करायचा, असा नियम. मग खोली आणि अंगण यांत फरक छपराचाच. माकडटोपी पुण्याहून नेली होती, त्याबद्दल स्टेशनवर बायको हसली होती. तिसऱ्या रात्री ती टोपी तिच्या डोक्यावर होती.

स्कीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९३० साली ऑस्ट्रियाचा मोठा स्कीपटू हान्नेस श्नायडर या गावाला येऊन गेला होता. मी भाड्याचे बूट चढवून रांगेत उभा होतो, उभ्या उभ्याच पडलो. एका पाचेक वर्षांच्या मुलीने माझी काठी उचलून दिली आणि उतारावरून भुर्रकन निघून गेली.

खरं गाव संध्याकाळी कळतं. इथे १३ सार्वजनिक न्हाणीघरं आहेत. तिकीट नाही, दारात दानपेटी. आसपासची घरं वाटून घेऊन ती घासूनपुसून ठेवतात. वरच्या अंगाला ओगामा नावाची कुंडं आहेत. तिथलं पाणी उकळीच्या जवळचं, गावच्या बायका त्यात भाजी शिजवतात. पाहुण्यांना आत मज्जाव. पाहुण्यांना शिजायला न्हाणीघरं आहेतच.

कपडे उतरवायचे, सगळे. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात पाय. आणि आत बसलेल्यांना विचारल्याशिवाय थंड पाण्याच्या नळाला हात लावायचा नाही. आत एक आजोबा गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून बसले होते. मी अंगठा बुडवला. कढईतून तळणीचा पहिला वडा उसळतो तसा तो वर आला. आजोबांनी एक डोळा उघडला, पाहिलं, मिटला. त्यांना विचारायचं कुठल्या तोंडाने? तीन संध्याकाळींत मी अंगठ्यावरून पोटऱ्यांपर्यंत मजल मारली.

तिसऱ्या संध्याकाळी एक दांडगा ऑस्ट्रेलियन आत आला. अंग कोरडं ठणठणीत. थेट कुंडात पाय घातला, ओरडला आणि नळाकडे झेपावला.

"अं हं!" मी म्हणालो. स्वर थेट वाईच्या माजघरातला. बोट आधी धुण्याच्या जागेकडे, मग आजोबांकडे. तो ओशाळून गुपचूप बादलीपाशी जाऊन बसला.

आजोबांनी या वेळी दोन्ही डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. आता पोटऱ्यांवर भागणार नव्हतं. मी डोळे मिटले आणि खाली बसलो.