फोटोकाका

सोसायटी म्हटली की तिथे एक फोटोकाका असतोच. त्याच्या लॅपटॉपवर फोटोशॉप नसतं, कारण ते विकत घ्यावं लागतं. चोरून घातलेलंही नसतं, कारण चोरीच्या सॉफ्टवेअरमधून व्हायरस येतो यावर त्याची श्रद्धा असते. उरतो ब्राउझर. त्यात टॅबांची ही रांग, आणि त्या रांगेच्या जोरावर काकांची अख्ख्या इमारतीवर हुकमत.

काकांना काम सांगू नये, प्रसंग सांगावा. वाढदिवसाचा बॅनर? कॅन्व्हा. देवनागरी फॉन्ट तयार, फुगे तयार. फक्त ज्या चित्रावर मुकुट दिसेल त्याला हात लावायचा नाही. "मुकुट म्हणजे पैसे. आपण बिनमुकुटाचा केक घेऊ." त्यामुळे पहिलीतल्या पोरापासून पंच्याहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या बॅनरवर तोच तो केक झळकतो.

लग्नाच्या बायोडाट्यासाठी फोटोच्या मागचं उडवायचं असेल, तर रिमूव्ह डॉट बीजी. ऑस्ट्रियातली ही साइट 2021 मध्ये कॅन्व्हानेच विकत घेतली, ही बातमी काका दोन्हीकडचे पाहुणे आपलेच असल्याच्या थाटात सांगतात. फुकटात तिथे फोटो लहान मिळतो. "मोबाइलवर कोण मोठा करून बघतंय?" हे त्यावर काकांचं उत्तर. मुलीकडचे बघतात. एका होतकरू नवरदेवाच्या मागचा मांडव, वाजंत्री, पाहुणे सगळे गेले. खांद्यावर बांगड्या भरलेला एक हात तेवढा राहिला. पलीकडून पत्रिकेच्या आधी हाताची चौकशी आली.

पण काकांचा खरा जीव फोटोपीवर. इव्हान कुत्स्कीर नावाच्या एका माणसाने 2013 मध्ये ते आणलं, आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल तिथे लेयरसकट उघडते. फाइल कुठल्या सर्व्हरवर जात नाही, सगळं आपल्याच ब्राउझरमध्ये चालतं. म्हणून पॅनकार्डाचा फोटो कापायचा तर तिथेच, असा काकांचा दंडक. मग ते कापलेलं पॅनकार्ड ते खात्रीसाठी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. शेजारच्या जाहिराती त्यांना खुपत नाहीत. उलट "बिचाऱ्याचं घर त्यावर चालतं" म्हणून ते अॅडब्लॉकर बंद ठेवतात. पैसे मात्र देत नाहीत.

काकांचा सुगीचा काळ म्हणजे बँकेच्या परीक्षेच्या अर्जाची शेवटची रात्र. आयबीपीएसला फोटो 20 ते 50 केबी हवा, सही 10 ते 20 केबी. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी साडेअकराला मोबाइल घेऊन येते. फोटो तीन एमबीचा. काका गुगलवाल्यांचं स्क्वूश उघडतात. मधे उभी रेघ, एका बाजूला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला दाबलेला. आधी लांबी-रुंदी कमी, मग क्वालिटीची पट्टी हळूहळू डावीकडे. काका ती रेघ मुलीच्या नाकावरून मागेपुढे फिरवतात. "नाकाला चौकटी पडल्या का? नाही ना? मग अजून दाबू." अठ्ठेचाळीस केबी! काकू चहा ठेवतात.

सहीने मात्र घोळ घातला. कागद पांढरा, शाई काळी, सगळं नियमात; पण फाइल झाली सात केबी. साइट म्हणे, लहान आहे. सगळं कमी करण्यात हयात गेलेल्या काकांना आता वाढवायचं होतं. मुलगी म्हणाली, क्वालिटी शंभरवर न्या. काका क्षणभर थबकले. फुकटात मिळत असलं, तरी पूर्ण शंभर वापरायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ब्याण्णववर भागवलं. अकरा केबी. अर्ज गेला.

हे हाल बघून कमावत्या पुतण्याने पंच्याहत्तरीची भेट म्हणून कॅन्व्हाचं वर्षभराचं प्रो सबस्क्रिप्शन देऊ केलं. काकांचा चेहरा उतरला.

"पैसे टाकून काय, कोणीही करेल."

"अहो काका, मी भरतोय ना!"

"तू कशाला भरतोस? फुकट ट्रायल असते त्याला. माझी वापरून झाली, काकूची झाली. तुझा ईमेल दे."