तुटीचं वाटप झालं, पुराचं कधी?

पाण्याच्या तुटीचा हिशोब महाराष्ट्राला नेमका करता येतो. 15 ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं. ही कुणाची मेहेरबानी नाही. 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, 2013 चा मेंढेगिरी समितीचा अहवाल, 2014 चा प्राधिकरणाचा आदेश आणि 2016 चा उच्च न्यायालयाचा निकाल, एवढ्या पायऱ्या चढून मराठवाड्यानं हा हक्क मिळवला आहे. 65 चा आकडा खाली आणण्याच्या शिफारशी आता होऊ लागल्या आहेत, त्यावरही भांडण होईल आणि व्हायलाच हवं.

2023 साली पावसानं ओढ दिली तेव्हा वरून 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. तेवढ्या पाण्यासाठी आंदोलनं झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर संपत आला तेव्हा कुठं पाणी खाली आलं.

आता दुसरा आकडा घ्या. एक लाख क्युसेकनं चोवीस तास पाणी वाहिलं की 8.64 टीएमसी भरतं. 2025 च्या सप्टेंबरअखेरीस पैठणच्या दारांतला विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला होता. म्हणजे ज्या पाण्यासाठी दोन वर्षांपूर्वी अख्खं खोरं भांडलं, तेवढं पाणी आठ तासांत बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या गंगथडीवरून निघून गेलं. त्या आठ तासांचं वाटप कुठल्या कलमानं झालं? कुठल्याच नाही. तूट पडली की सगळं खोरं एक आणि पूर आला की ज्याचं रान काठाला त्याचं तो बघून घेईल, हा न्याय मला मान्य नाही.

गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात, आणि पावसाळ्यातली गंगा काय करते हे इथल्या इतिहासात आहे. 10 ऑगस्ट 1763 ला राक्षसभुवनला निजामाचं अर्धं सैन्य गंगेपार गेलं होतं, अर्धं अलीकडच्या काठावर अडकलं होतं. त्या अडकलेल्यांवर मराठे तुटून पडले आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच मारला गेला. ही नदी काठच्या माणसाला अचानक गाठते असं म्हणायची सोय त्यामुळं कुणालाच नाही. नाशिकच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस पैठणला यायला वेळ लागतो आणि पैठणचं पाणी गेवराईला पोचायलाही वेळ लागतो. हे तास सरकारच्या हातात असतात.

धरणावरच्या अभियंत्याला दोष देणं सोपं आहे, पण तो त्याचा नाही. जायकवाडी सिंचनासाठी बांधलं. 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, तेव्हा मागणी दुष्काळ हटवायची होती. धरण काठोकाठ भरलेलं असताना वरून लोंढा आला की दारं उघडण्यावाचून इलाज नसतो. आणि पुराच्या भीतीनं ऑगस्टमध्ये धरण रिकामं ठेवा असं या भागात कोण म्हणेल? मांजरा धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला आहे. ते आटलं म्हणून 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता ते भरलं. ज्यांनी हे पाहिलं ते भरलेल्या धरणातला एक इंच पाणीही सोडू देणार नाहीत. त्यांचं चूक नाही.

म्हणूनच जास्तीचं पाणी नदीत सोडण्याआधी रानात कसं मुरवायचं, हा खरा प्रश्न आहे. पैठणचा उजवा कालवा 132 किलोमीटरचा आहे. तो गेवराईतून जातो आणि माजलगावच्या जलाशयात संपतो. 2025 साली जायकवाडीची दारं जुलैअखेरीस उघडली आणि मोठा पूर आला सप्टेंबरअखेरीस. मध्ये दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत उजवा कालवा पूर्ण क्षमतेनं वाहायला हवा होता, आणि त्यावरचे पाझर तलाव, गावतळी, ओढ्यांवरचे बंधारे भरायला हवे होते. पण कालव्याची मूळ वहनक्षमताच उरलेली नाही. अस्तर उखडलंय, चाऱ्यांमध्ये झाडं उगवलीत. कालव्याची दुरुस्ती हे पूरनियंत्रणाचं काम आहे, ही नोंद शासनाच्या कुठल्याही फाइलीत मला हवी आहे.

सिंदफणा नदीची गोष्ट वेगळी. ती आपल्याच पाटोद्याच्या डोंगरातून निघते. बालाघाटावर रात्री ढग फुटले की सकाळपर्यंत पाणी शिरूर कासारच्या बाजारपेठेत असतं. सप्टेंबर 2025 मध्ये हेच झालं. त्याआधी आष्टी तालुक्यात कड्याला अडकलेल्या माणसांसाठी लष्कराला बोलवावं लागलं. इथं पैठणसारखे हातात तास नसतात, डोंगरातल्या पर्जन्यमापकापासून खालच्या गावच्या भोंग्यापर्यंत थेट तार लागते. शिवाय सिंदफणा मंजरथला गंगेला मिळते. गंगा तुडुंब असेल तर सिंदफणेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा माजलगावच्या गावांत चढतो. जायकवाडी आणि माजलगाव दोन्ही धरणं एकाच महामंडळाची आहेत. दोघांच्या विसर्गाचा एकत्र हिशोब काठच्या सरपंचाला आदल्या दिवशी मिळावा, यात अवघड काय आहे?

नुकसान झाल्यावर मोजमाप सुरू होतं, आणि इथं सगळ्यांत मोठी चूक आहे. नदी पट्ट्यानं नुकसान करते, सरकार मंडळानं मोजतं. चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी. पण गंगेचा पूर येतो तेव्हा पाऊस नाशिकला झालेला असतो, गेवराईच्या मंडळात ऊनही असू शकतं. पुराचे पंचनामे वेगळे होतात हे खरं, पण पीकविम्याचं काय?

पीकविमा आणि बीड यांचं नातं जुनं आहे. 2020 च्या खरिपात बीडसाठी एकही कंपनी पुढं येईना, तेव्हा इथं कंपनीच्या नफ्या-तोट्याला मर्यादा घालणारं 80:110 चं सूत्र निघालं आणि 'बीड पॅटर्न' म्हणून ते राज्यभर गेलं. पुढं एक रुपयात विमा आला, त्यात बोगस अर्ज झाले, बीडमध्येही झाले. ज्यांनी ते केले त्यांच्यावर गुन्हे दाखल करा. सरकारनं मात्र 2025 च्या खरिपापासून संरक्षणच कापलं. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान ही जोखीम वगळली आणि पीक कापणी प्रयोगावर येणारं उत्पन्न तेवढं ठेवलं. त्याच हंगामात महापूर आला. मंडळातल्या माळावरची तूर उभी आहे, काठाची सोयाबीन मुळासकट गेली आहे. दोन्हींची सरासरी काढायची आणि त्यावर काठच्या शेतकऱ्याला भरपाई द्यायची, हा हिशोब कागदावर जुळतो. ज्याचं रानच वाहून गेलं, तिथं कापणी प्रयोग कशावर करणार?

रान वाहून जाणं म्हणजे काय, हे मंत्रालयात नीट पोचलेलं नाही. 7 ऑक्टोबर 2025 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. आकडा मोठा आहे आणि तो जाहीर केला हे बरंच झालं. पण हिशोब करू. एका हेक्टरवर अर्धा फूट माती परत पसरायची तर साधारण 530 ब्रास माती लागते. सगळे पैसे हातात पडले तरी ब्रासमागे साडेसहाशेच्या आसपास येतात. त्यात गाळ उकरणं, भरणं, वाहणं, पसरणं सगळं आलं.

आणि रोजगार हमीचा तर गाभाच मजुरीचा, यंत्रावर तिथं बंधनं आहेत. माती टाकायचा काळ कोणता? दिवाळीनंतरचा, रान वाळल्यावरचा. त्या वेळी बीडच्या गावांत हात कुठं असतात? दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या ट्रकमध्ये बसतात, नवरा-बायको कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ज्याच्या घरात सहा महिने फक्त म्हातारी माणसं आणि पोरं उरतात, त्याला फावड्यानं 530 ब्रास माती पसरायला सांगायची? खरडलेल्या रानापुरती यंत्राची परवानगी द्या. माजलगावच्या जलाशयात आणि गावोगावच्या तलावांत गाळ साचलेला आहे, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाही हाताशी आहे. पहिला हक्क काठच्या खरडलेल्या गटांचा, एवढं त्यात लिहा.

बीड शहराबद्दल थोडं. 1989 च्या जुलैमध्ये बिंदुसरा नदीनं शहरात हाहाकार केला, माणसं गेली. त्याच वर्षी पाटबंधारे विभागाचं पूररेषेचं परिपत्रक निघालं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा. निळीच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये अटींवर. पुढं बिंदुसरेचं पात्र आवळत गेलं. ही रेषा प्रत्येक पुलाच्या खांबावर आणि काठच्या प्रत्येक गल्लीच्या भिंतीवर हातभर रुंदीच्या पट्ट्यानं रंगवा. जागा घेणाऱ्या माणसाला विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवावा लागू नये.

पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक बसते. किती पाणीपाळ्या, कधी, कुणाला, यावर आमदार, अधिकारी, शेतकरी तास तास वाद घालतात. पाणी द्यायची ही सभा दरवर्षी होते. तशीच सभा 1 जूनला पैठणला बोलवावी. तिथं नाशिक-अहिल्यानगरचे अधिकारी असावेत, बीड-जालना-परभणीचे जिल्हाधिकारी असावेत आणि राक्षसभुवनपासून मंजरथपर्यंतच्या काठचे सरपंच पुढच्या खुर्च्यांवर असावेत. कुठल्या तारखेला धरणाची पातळी किती ठेवणार, किती क्युसेकला कुठल्या गावाचा रस्ता बुडतो, गुरं कुठं हलवायची आणि चारा कोण देणार, हे तिथं ठरावं आणि त्याच रात्री प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावं. वरच्या धरणांनी पुराच्या वेळी किती पाणी किती तास अडवायचं, याचंही कलम त्या सभेत लिहावं. 65 टक्क्यांचं कलम लिहायला अकरा वर्षं लागली. हे एका पावसाळ्यात लिहिता येतं.