नवसाची बुलेट

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दहावीच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे आणि त्यातला फॅरेडे हा माझा खास माणूस. 1831 साली त्यानं काय केलं ते मी फळ्यावर अशा झोकात काढतो, की मागच्या बाकावरची पोरंही जागी होतात. म्हणून 1986 सालची बुलेट घेतली तेव्हा स्टाफरूममध्ये जाहीर केलं, “मिस्त्रीची गरज नाही. या गाडीत आहेच काय? बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर!”

खरंच तेवढंच असतं. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो तुटतो, चुंबकक्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या वेढ्यांत काही हजार व्होल्ट उभे राहतात. प्लगला ठिणगी. उघडत्या पॉइंटमध्येच ठिणगी उडून सगळा जोर तिथं वाया जाऊ नये, म्हणून कंडेन्सर. मी हे इतकं छान समजावलं की मराठीच्या बाईंनी त्यांची स्कूटी पण दाखवायला आणली. ती मी पाहिली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

नवरात्रात सोलापूरहून परत येत होतो. तामलवाडी मागं टाकली, तुळजापूरचा घाट लागला आणि गाडी खोकायला लागली. दोन वळणं फटफटली आणि गप्प झाली. रस्त्यावर देवीला निघालेली माणसं अनवाणी चाललेली, गावोगावची पोरं ज्योत घेऊन पळताहेत, आणि मधोमध मी पाना घेऊन बसलेला. बंद गाडी दिसली की आपल्याकडं कुणी सरळ पुढं जात नाही.

“प्लग बघा ओ प्लग!”

“पेट्रोल हाय का?”

प्लग काढला. गरम प्लग बोटांनी काढू नये हे कुठल्या धड्यात आहे माहीत नाही, पण घालायला पाहिजे. टोपीत प्लग बसवून इंजिनला टेकवला, एका ज्योतवाल्या पोराला म्हटलं, मार किक. त्यानं मारली. नेमकं त्याच क्षणी प्लग नीट टेकलाय का ते मी हातानं बघत होतो. काही हजार व्होल्ट माझ्यातून गेले. मी उडालो, पण ओरडलो ते आनंदानं. “करंट आहे!” गर्दीतून कुणीतरी “आई राजा उदे उदे” म्हणालं. माझ्यासाठी होतं की देवीसाठी, ते विचारलं नाही.

करंट आहे म्हणजे दोष पेट्रोलच्या बाजूचा, असा निष्कर्ष मी तिथल्या तिथं काढला. ठिणगी निळी नव्हती, पिवळट आणि मरगळलेली होती. उघड्या हवेत उडणारी असली ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली उडत नाही, हेही मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि घाटात आठवणं यात अंतर असतं. मी कार्बोरेटर उतरवला, फुंकला, पुसला, चढवला. किक मारली. गाडी सुरू! लोकांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. मीही.

गाडी सुरू झाली ती या सगळ्या उद्योगात गार झाली म्हणून. बिघडलेला कंडेन्सर गरम झाला की हात वर करतो आणि गार झाला की पुन्हा कामावर येतो. थोडं पुढं जाऊन तो परत तापला.

मग ढकलत निघालो. दीड क्विंटलच्या वरचं लोखंड, घाटाचा चढ आणि मी. शेजारून चालणाऱ्या एका आजीनं हात जोडले. “लई कडक नवस हाय बाबा. काय मागितलं व्हतं?” मी खरं सांगणार होतो. पण त्यांनी मागच्या दोन पोरांना हाक मारली, “अरे, नवसाची गाडी हाय, हात लावा!” आणि पोरांनी खरोखर हात लावला. मग मी कशाला बोलतोय? तुळजापूरला पोचेपर्यंत माझ्या गाडीला कुणीतरी कुंकू लावलं होतं.

घरी टेम्पोतून आणली. आता मात्र शास्त्रशुद्ध. नवी कॉइल आणली, बसवली. नवा प्लग, नवी प्लगटोपी. गाडी तापली की पुन्हा तेच. शेवटी पॉइंटची टोपी उघडली. पॉइंटवर खड्डे पडलेले, जळलेले. म्हणजे सगळा पुरावा कंडेन्सरविरुद्ध समोर मांडलेला होता. पॉलिश पेपरनं पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, सगळं चढवलं. आता गाडी तापल्यावर बंद पडायचा प्रश्नच उरला नाही. गार असतानाही सुरू होईना. प्लगला ठिणगीच नाही. पिवळी नाही, कुठलीच नाही. मल्टिमीटर घेऊन मी वायरी तपासत बसलो, किल्ली तशीच चालू. तासाभरात नवी कॉइल हाताला चटका देण्याइतकी तापली आणि बॅटरी उतरली.

मग धाराशिवच्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी हत्याराला हात लावला नाही. चार्ज केलेली बॅटरी जोडली, किल्ली फिरवली, किक हातानं हळूहळू दाबली आणि हेडलाइटवरच्या अँपिअरच्या काट्याकडं बघत राहिले. तो काटा मी शोभेचा समजत होतो.

“गुरुजी, हा डावीकडंच चिकटलाय बघा. पॉइंट उघडले की ह्यानं मधे यायला पाहिजे. येत नाही म्हणजे करंट तुटतच नाही. पॉइंटला अर्थ लागलाय.” त्यांनी टोपी उघडली, पॉइंटच्या स्क्रूवरचं फायबरचं वायसर काढलं आणि योग्य जागी घातलं. मी ते वायरीच्या चुकीच्या बाजूला घातलं होतं, त्यामुळं पॉइंट उघडो की मिटो, करंट सरळ इंजिनच्या धातूत. पहिल्या किकला गाडी सुरू.

“किती झाले?” मी विचारलं.

“वायसर तुमचंच हाय की,” ते म्हणाले. “तुमच्या शाळेत आमचा नातू हाय. त्याला फक्त गाडी शिकवू नका.”

तर जुनी बुलेट असेल आणि करंट गेला, तर पाना उचलण्याआधी लाइट बंद ठेवून किल्ली लावा आणि किक हळू दाबा. काटा डावीकडं-मधे असा हलला तर पॉइंट आपलं काम करताहेत. मधेच राहिला तर करंट पॉइंटपर्यंत पोचत नाही, नाहीतर पॉइंट घाण आहेत. डावीकडंच राहिला तर कुठंतरी अर्थ लागलाय. काटा नीट हलतोय आणि गाडी फक्त तापल्यावर मरते, तर आधी कंडेन्सर बदला. तो कॉइलपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. काढून ठेवलेली जुनी कॉइल माझ्याकडं अजून पडून आहे, एकदम चांगली. कुणाला हवी असेल तर शाळा सुटल्यावर यावं. बसवून मात्र मिळणार नाही.